साक्ष द्यायला गेलो किनाऱ्यावर

आमच्या मंडळीत 'साक्ष' या शब्दाला कोर्टाचा वास नाही. आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. चर्चला आम्ही मंडळी म्हणतो, पाद्रीसाहेबांना पाळकसाहेब म्हणतो, आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगण्याला साक्ष म्हणतो. दर रविवारी कोणी ना कोणी ती देतं. माझी साक्ष तंबाखूची आहे. ऐन पंचविशीत माझी तंबाखू सुटली ती प्रभूच्या कृपेनं, एवढीच मूळ हकिगत. पण चाळीस वर्षं सांगून सांगून ती लोणच्यासारखी मुरली आहे. सुरुवातीला मी जेवणानंतर चिमूटभर लावणारा साधा माणूस होतो. मग अख्खी डबी संपवणारा झालो. हल्ली तर मी इतक्या घोर अंधारात होतो की सांगताना मलाच माझी भीती वाटते. माझी बायको मार्था पुढच्या बाकावर बसून हे सगळं ऐकते आणि घरी आल्यावर म्हणते, "लग्न झालं तेव्हा तुम्ही बडीशेप खायचात."

तर एका रविवारी, उपासनेनंतरच्या सभेत, मी असा मुद्दा मांडला की साक्ष ही आपसात देऊन उपयोग नाही. इथे बसलेल्या सगळ्यांना ती पाठ आहे. ती बाहेर, जिथं कोणी ऐकलेली नाही तिथं, गेली पाहिजे. मी आयुष्यभर पाण्याचे पंप विकले. ज्याच्या विहिरीत पाणी नाही त्यालाही विकले. त्यामुळे बोलायला लागलो की मला थांबता येत नाही. "ज्याला हाक आली त्यानं उठलं पाहिजे," असं म्हणून मी खाली बसलो तेव्हा पाळकसाहेब चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "गायकवाड भाऊ, उठा मग."

लगेच थोरातसाहेब उभे राहिले. हे आमच्या मंडळीतलं मोठं प्रस्थ. मंडळीचे नवे स्पीकर त्यांनीच दिलेले, आणि त्यातून आवाज नीट येत नाही हे सांगायची कोणाची टाप नाही. त्यांनी रायगडच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीची वाडी घेऊन तिथं होमस्टे काढला होता. म्हणाले, "माझ्याकडे उतरा. देवाच्या कामाला माझ्या खोलीचं भाडं नाही."

अशा रीतीनं सगळी सोय झाली. नाही म्हणायला जागाच उरली नाही.

मांडवा

नगर ते मुंबई यात सांगण्यासारखं काही नाही. गेटवेहून लाँच सुटली आणि सीगल पक्ष्यांचा थवा मागे लागला. लोक त्यांना कुरकुरे टाकत होते, पक्षी हवेतल्या हवेत झेलत होते. आमच्याकडे कावळ्याला घास ठेवतात तर तो येत नाही. इथे न बोलावता शेकड्यांनी येतात. वरच्या मजल्यावर एवढी माणसं आयती सापडली म्हणून मी पिशवीतून पत्रकं काढली. पहिलंच पत्रक एका तरुणाच्या हातात देतो न देतो तोच वाऱ्यानं ते उडवलं. एका पक्ष्यानं झडप घालून ते झेललं, चोचीत धरून जरा विचार केला, आणि समुद्रात टाकून दिलं.

"निदान वाचून तरी टाकलं," मार्था म्हणाली.

मांडव्याहून अलिबागच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले. गळ्यात जाड साखळी, हातात दोन फोन. घरची मिठागरं होती, आता डंपर आहेत, असं त्यांनीच सांगितलं. गिऱ्हाईक बोलकं असलं की विक्रेत्याचं अर्धं काम होतं. मी म्हणालो, "दादा, तारणाचा कधी विचार केलाय?"

तारण म्हणजे आमच्या भाषेत उद्धार, मोक्ष. त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"कंच्या बँकेचे तुमी?"

"बँकेचा नाही. हे तारण फुकट आहे."

"फुकट? डंपरवर मिलतं का?"

"सगळ्यांना मिळतं. आपल्याला काही द्यायचं नाही. आपल्या वतीनं दुसऱ्यानं सगळं आधीच भरलंय."

त्यांनी दोन्ही फोन खिशात ठेवले. मग अगदी मायेनं म्हणाले, "काका, वय झालंय तुमचं. असल्या स्कीमच्या नादी लागू नका. आमच्या भावोजींचा असाच बंगला गेला." आणि उतरताना मार्थाला वेगळं सांगून गेले, "वैनी, सही करू देऊ नका यांना कुठं."

वाडी

थोरातसाहेबांची वाडी काशीदच्या पुढे, मुरूडच्या अलीकडे. गावाचं नाव सांगत नाही; गाव चांगलं आहे, उगाच वर्दळ नको. रिक्षावाल्यानं आम्हाला वर रस्त्यावर, कोळीवस्तीपाशी सोडलं. तिथून समुद्राकडे पाखाडी उतरते. पाखाडी म्हणजे दोन वाड्यांच्या मधून जाणारी, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची अरुंद वाट. दोन्हीकडे दगडी गडगे, वर पोफळीची सावली, आणि पायऱ्या मधोमध अशा झिजलेल्या की पाऊल आपोआप खळग्यात बसतं. पण वाट उतरायला लागली न लागली तोच संपली. पुढे लोखंडी दार. दारावर सुंदर अक्षरांत पाटी: 'आत येणाऱ्यांस शांती असो.' तिच्या खाली दुसरी पाटी: 'खासगी जागा. प्रवेश बंद.' आणि कुलूप. बाजूला जांभ्या चिऱ्यांचा ढीग रचून ठेवलेला.

आम्ही हाका मारत उभे होतो तेव्हा मागून डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई आली. साठीच्या पुढची, पाठ मात्र सरळ. तिनं दाराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि वळून पुन्हा पायऱ्या चढून गेली. मला वाटलं, वाट चुकली असेल.

थोरातसाहेब किल्ली घेऊन आले. बर्म्युडा घातलेले थोरातसाहेब मी प्रथमच पाहत होतो. मंडळीत ते सुटाखेरीज नसतात. झोपाळ्यावर बसवून त्यांनी आम्हाला शहाळं दिलं. समोर वाडी, वाडीपलीकडे वाळूची पुळण, पुळणीपलीकडे समुद्र. माणूस एकही नाही.

"काय शांतता आहे," मी म्हणालो.

"आता आहे," थोरातसाहेब म्हणाले. "आलो तेव्हा काय होतं विचारा. ही पाखाडी म्हणजे पूर्वापार गावाची वाट होती हो. पहाटेपासून त्या बायका टोपल्या घेऊन वर-खाली, वर-खाली. तो वास, तो कलकलाट. पाहुणे दुसऱ्या दिवशी निघून जायचे. शेवटी दिवाळीनंतर दार बसवलं. आता ते चिरे आलेत, भिंतच घालून टाकतो. प्रभूनं केवढी शांती दिली आहे पाहा."

"आमेन," मी म्हणालो.

सवयीनं म्हणालो. आमच्यात वाक्यात प्रभू आला की आमेन आपसूक निघतं. मार्थानं शहाळं खाली ठेवलं.

काशीद

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीदच्या किनाऱ्यावर गेलो. पांढरी वाळू, सुरूची झाडं, घोडे, चार चाकांच्या फटफट्या, आणि एक उंट, जो इथं का आहे हे त्यालाही माहीत नसावं. मी शहाळीवाल्या बाईपाशी गेलो आणि सांगितलं की एक आनंदाची बातमी आहे.

"शालं घ्याल तं ऐकते," ती म्हणाली.

तिनं शब्द पाळला. शहाळं संपेपर्यंत ती माझ्याकडे एकटक पाहत ऐकायची. तळाशी स्ट्रॉचा आवाज आला की मान वळवायची. मी तीन शहाळी प्यालो आणि तंबाखू सुटण्यापर्यंत पोचलो नाही. पुढे एका तरुण जोडप्यानं फोटो काढायला सांगितला. म्हटलं, दोघं एका जागी उभी आहेत, पळू शकत नाहीत, ही संधी. मी फोटो काढता काढता बोलत राहिलो. नंतर त्यांनी फोन पाहिला तर सगळ्या फोटोंत माझं बोट, मागे थोडा समुद्र.

"पंप खपत नव्हते तेव्हा काय करायचात?" मार्थानं विचारलं.

"तालुका बदलायचो."

"मग चला, वस्तीत जाऊ. आणि पत्रकं पिशवीत राहू द्या."

वस्ती

वस्ती म्हणजे थोरातांच्या दाराच्या वरच्या अंगाला पंचवीस-तीस घरं. अंगणात जवळा वाळत घातलेला, दोऱ्यांवर बोंबील. नगरी नाकाला पहिला वास झेपत नाही. आमच्याकडे अंगणात वाळवण म्हणजे कुरडया नि पापड. पहिल्याच अंगणात कालचीच टोपलीवाली बाई मासळी निवडत बसली होती. हिराबाय तिचं नाव, ते नंतर कळलं.

"कोन पायजे?"

काशीदचा धडा ताजा होता. प्रस्तावना नको, शहाळं नको. मी सरळ म्हणालो, "मी साक्ष द्यायला आलोय."

हिराबायनं हातातली मासळी खाली ठेवली. पदराला हात पुसले. मग घराकडे तोंड करून म्हणाली, "नाखवा, या बायेर. साक्षवाले आले."

सबंध विक्रीच्या धंद्यात माझं असं स्वागत झालं नव्हतं. आतून तिचे दीर धाकू नाखवा आले. दोन होड्यांचे मालक आणि वस्तीतले वडीलधारे. खुर्ची आली, चहा आला, आजूबाजूच्या घरांतून माणसं आली. बायका मार्थाला आत घेऊन गेल्या. मी मनात पाळकसाहेबांना म्हणालो, बघा.

"वकिलानंच धाडलं ना तुमास्नी?" नाखव्यांनी विचारलं.

आता देवाजवळ आपली बाजू मांडणारा वकील हा आमच्या प्रार्थनांमधला रोजचा शब्द. या खेड्यातल्या माणसाला तो माहीत आहे हे पाहून मला भरून आलं.

"होय, त्यानंच पाठवलं," मी म्हणालो.

"बोलला व्हता, बायेरचा मानूस बघतो म्हनून. उतरलाव कुठं?"

"थोरातसाहेबांकडे."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मग नाखव्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "वकील बाकी पोचलेला हाय," ते शेजारच्याला म्हणाले.

"सर्वत्र पोचलेला आहे," मी म्हणालो.

"मंग सांगा. काय सांगनार ते एकदा आमाला पन कलू दे."

मी उभा राहिलो. "बंधूंनो, वाट अरुंद आहे."

"दोन मानसं जेमतेम जातात," मागून कोणीतरी म्हणालं.

"दोनही जात नाहीत. प्रत्येकाला आपलं ओझं घेऊन एकट्यानंच जावं लागतं."

"टोपलीवाली समोरून आली तं दुसरीनं थांबायचं, तसंच हाय," एक म्हातारी म्हणाली.

"आणि पुढे दार आहे."

"दार तं हायच की मेल्याचं."

"ते बंद दिसेल. पण ठोकत राहायचं. ठोकणाऱ्याला दार उघडतं."

"न्हाय उघडत," हिराबाय शांतपणे म्हणाली. "दिवालीपासून ठोकतंय."

तिच्या आवाजानं मी थबकलो. म्हटलं, ही खरी तहानलेली. हिच्यासाठी तरी साक्ष शेवटापर्यंत गेली पाहिजे. मी म्हणालो, "मावशी, मीसुद्धा अंधारात चाचपडत होतो. मग मला ही वाट सापडली. तिनं मी चालायला लागलो आणि आजपर्यंत एक दिवस ती सोडलेली नाही."

नाखवे पुढे झुकले. "किती वरसं चालताव या वाटंनं?"

"चाळीस वर्षं."

अंगणात जे झालं ते मी कुठल्याच उपासनेत पाहिलेलं नाही. एका माणसानं माझे दोन्ही हात धरले. म्हातारीनं कानशिलावर बोटं मोडली. "चाळीस," नाखवे म्हणत होते, "वकील बोलला वीस मिलाली तरी रग्गड." आणि मग ताट आलं. तांदळाची भाकरी कागदासारखी पातळ, आमच्या बाजरीच्या भाकरीची जणू शहरात शिकलेली बहीण. कोळंबीचं कालवण, तळलेले बोंबील, आणि एक असा मासा की ज्यात मासा कमी आणि काटेच जास्त. तिसऱ्याच घासाला काटा माझ्या घशात अडकला. कोरड्या भाकरीचा गोळा गिळवून हिराबायनं तो उतरवला आणि पाठीवर थोपटून म्हणाली, "गला सांबाला. उद्या लागंल."

उद्या कशाला लागेल, हे विचारायचं मला सुचलं नाही. भाकरी तोंडात होती.

पाखाडीवर

वस्तीतून निघालो तेव्हा ऊन कलत होतं. मी तरंगत होतो. मार्था पाखाडीच्या वरच्याच पायरीवर बसली.

"तुम्ही चाळीस वर्षं कुठल्या वाटेनं चालताय?"

"हा काय प्रश्न झाला. विश्वासाच्या."

"ते समजतायत या पाखाडीच्या. उद्या सकाळी सर्कल ऑफिसर येतोय, पाहणीला. तहसीलदारांकडे अर्ज केलाय त्यांनी, दाराविरुद्ध. थोरात म्हणतात, ही वाट कधी नव्हतीच. वस्तीतले सगळे हितसंबंधी, म्हणून मुरूडच्या वकिलानं सांगितलं होतं, बाहेरचा साक्षीदार मिळाला तर पाठवतो. तेवढ्यात तुम्ही आलात."

मी खालच्या पायरीवर बसलो. एकेक वाक्य आठवायला लागलं. वकील. दार. ठोकणं. अरुंद वाट. माझ्या आयुष्यातलं सर्वांत प्रभावी प्रवचन जमिनीच्या दाव्यावर झालं होतं.

मार्थानं आतमध्ये बायकांकडून बाकीचंही ऐकलं होतं. होड्या खाली पुळणीवर लागतात. पाखाडीनं मासळी वर रस्त्याला यायला पाच मिनिटं लागायची. आता खाडीच्या पुलावरून वळसा घालून यावं लागतं, तोवर मुरूडला जाणारा टेम्पो निघून जातो. बाकीच्या घरांत पोरांच्या मोटारसायकली आहेत. हिराबायला नवरा नाही, मूलबाळ नाही, डोकं आणि टोपली आहे. उद्या पाहणीत वाट ठरली नाही तर भिंत चढणार, आणि हिराबायचा धंदा बसणार. काल ती वाट चुकली नव्हती. रोज ती आधी दारापर्यंत येऊन पाहते, उघडलंय का.

"वाट तर खरीच आहे ना," मी म्हणालो. "पायऱ्या बघ कशा झिजल्यात. मग चाळीस वर्षं म्हटलं तर बिघडलं कुठं?"

"तुम्हीच बघा. तुम्हाला हिशोब वाढवायचा सराव आहे."

"थट्टा करू नको. खोटं बोललो तर पाप, खरं बोललो तर ही म्हातारी बुडते. त्यापेक्षा सकाळच्या पहिल्या एसटीनं निघू. साक्षीदार आलाच नाही, एवढंच होईल."

"तुम्ही निघा," मार्था म्हणाली. "मी थांबते. हिरामावशी मला सुकट देणार आहे." मग म्हणाली, "काल झोपाळ्यावर थोरात काय म्हणाले, आठवतं?"

आठवत होतं. तेच तर नको होतं. खोटी साक्ष दिली तर वस्तीत मान, ती द्यायला मला काही जड नव्हतं. खरी साक्ष द्यायची तर ती थोरातांच्याच तोंडची द्यावी लागणार. ज्यांचं शहाळं प्यालो, ज्यांच्या स्पीकरमधून साक्ष देतो, त्यांच्याविरुद्ध. नगरला परत गेल्यावर पुढच्या बाकावर कोण बसू देणार होतं?

"पंप खराब निघाला की काय करायचात?" मार्थानं विचारलं.

"फोन उचलायचो नाही."

"तेच म्हणते मी."

दारापाशी

सर्कल म्हणजे मंडळ अधिकारी. सकाळी मोटारसायकलवर आले. सडपातळ, सर्दी झालेले गृहस्थ. दाराच्या वरच्या बाजूला वस्ती, खालच्या बाजूला सूट घातलेले थोरातसाहेब, आणि मधे मी. थोरातांना वाटत होतं, मी पाहणी बघायला आलोय. वस्तीला वाटत होतं, मी साक्ष द्यायला आलोय. मला वाटत होतं, मुरूडला पोचलेल्या एसटीत आपण असायला हवं होतं.

"तुम्ही कोण?" सर्कलनी विचारलं.

"आमचे साक्षीदार," नाखवे म्हणाले. "चाळीस वरसं हिथून जा-ये हाय त्यांची."

थोरातसाहेबांची मान गर्रकन वळली.

"बोला," सर्कल म्हणाले. "चाळीस वर्षं या वाटेनं जाता?"

मी हिराबायकडे पाहिलं. ती टोपली घेऊनच आली होती. दार उघडलं तर लगेच खाली जाता यावं म्हणून.

"नाही," मी म्हणालो. "या वाटेनं मी परवा पहिल्यांदा आलो. चाळीस वर्षं चालतोय ती वाट दुसरी."

"दुसरी कुठली? नकाशात दाखवा."

"ती नकाशात नाही."

"मग ती वाट नव्हे." सर्कलनी शिंक दिली आणि तेवढं खोडलं.

वस्तीतून जो आवाज निघाला त्याला हुंकारही म्हणता येणार नाही. नाखव्यांनी माझ्याकडे पाहिलं तसं नगरला उधळलेल्या बैलाकडे पाहतात. थोरातसाहेबांनी गजांतून हात घालून माझा खांदा दाबला. "शाबास, भाऊ. मंडळीच्या माणसाला शोभेल असं बोललात."

त्या हातामुळेच बहुधा बोललो. नुसता गप्प राहिलो असतो तर सुटलो होतो, हे मला तेव्हाही समजत होतं.

"साहेब, अजून थोडं आहे," मी म्हणालो. "परवा आलो तेव्हा दाराला कुलूप होतं. ही बाई टोपली घेऊन आली आणि परत गेली, ते मी पाहिलं. आणि आत थोरातसाहेब मला म्हणाले की ही पूर्वापार गावाची वाट होती, पहाटेपासून बायका टोपल्या घेऊन जायच्या, आणि दार त्यांनी दिवाळीनंतर बसवलं."

"अहो गायकवाड," थोरातसाहेब म्हणाले, "ते आपलं आपसातलं बोलणं होतं."

"म्हणजे बोललात तुम्ही?" सर्कलनी वर पाहिलं.

थोरातसाहेबांचा हात टायच्या गाठीकडे गेला. आयुष्यभर गिऱ्हाइकाला वाक्य पुरं करू द्यायचं नाही हे मी शिकलो होतो. कधी कधी पुरं करू द्यावं, हे तिथं शिकलो.

"त्यावर तुम्ही काय म्हणालात?" सर्कलनी मला विचारलं.

हे मात्र अनपेक्षित होतं. "आमेन," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे, असंच होवो."

"दार असंच राहो?"

"त्या वेळी तसाच अर्थ झाला, साहेब."

सर्कलनी लेखणी कागदावर टेकवली. "लिहू?"

"लिहा," मागून मार्था म्हणाली.

त्यांनी लिहिलं. मग दार उघडायला लावलं आणि पायऱ्या मोजत स्वतः खालपर्यंत जाऊन आले. निकाल तहसीलदार देतील, तो दिल्यावर कळेल. तोपर्यंत दाराला कुलूप लावायचं नाही आणि भिंतीचा एक चिराही हलवायचा नाही, असं थोरातांना बजावून ते शिंकत निघून गेले.

वस्तीनं मला डोक्यावर घेतलं असं कोणी समजू नये. "चाळिसाचं येक केलंत," नाखवे म्हणाले. "आधी सगलं बुडवलंत, मंग गुडघ्याएवढ्या पान्यात आनून सोडलंत." मला त्यांचा राग आला नाही, हिशोब बरोबर होता. थोरातसाहेबांनी तेवढ्यात आमच्या बॅगा आणून वरच्या पायरीवर ठेवल्या. स्वतः आणल्या, नोकराकरवी नाही. "मी तुम्हाला देवाच्या कामासाठी बोलावलं होतं," ते म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. मला काहीतरी म्हणायचं होतं, पण माझ्याकडे होता तो शब्द मी आधीच वापरून बसलो होतो.

हिराबाय टोपली उचलता उचलता थांबली.

"तुमी देवाचं सांगायला आलावता व्हय? वैनी बोलली आता."

"हो," मी म्हणालो.

"आनि तुमच्या देवाला खोटं बोललेलं चालत न्हाय."

"नाही चालत."

"बोलला असताव तं काय केलं असतं त्यानं?"

तीन दिवसांत मला कोणी देवाबद्दल स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मी खरं तेच सांगितलं. "माफ केलं असतं."

हिराबायनं टोपली पुन्हा खाली ठेवली. "माफच करनार व्हता, तं बोलायचं व्हतं ना."

चाळीस वर्षांत ऐकलेली सगळी प्रवचनं मी चाळून पाहिली. कुठंच काही सापडेना. पंपाबरोबर निदान माहितीपत्रक तरी असायचं.

"जो माफच करणार, मावशी," मार्था म्हणाली, "त्याला फसवायचं जिवावर येतं."

हिराबायनं डोक्यावरची चुंबळ सारखी केली. मग टोपली डोक्यावर चढवली.

"व्हय," ती म्हणाली. "घरच्या मानसाचं तसंच असतं." आणि झिजलेल्या पायऱ्यांवरून, न बघता पाऊल टाकत, खाली होड्यांकडे गेली.